एकादशी आणि दुप्पट खाशी

मंडळी, हा लेख रागात लिहिलेला आहे हे आधीच सांगून टाकते. राग शांत झाल्यावर लिहायला बसावे असे मी आयुष्यभर मुलांना सांगत आले, पण या विषयातला राग शांत होऊ द्यायचा नाही असे मी ठरवले आहे. शिवाय माझे लिखाण वाचणाऱ्यांत निम्मे आमचे नातेवाईक असतात आणि आजचे लिखाण मुख्यतः त्यांच्यासाठीच आहे. तेव्हा "हिचं आपलं नेहमीचं काहीतरी" म्हणून अर्ध्यावर सोडू नका. शेवटपर्यंत वाचा, मग हवे तर भांडायला या. चहा ठेवते.

गेल्या महिन्यात एका मुंजीला गेले होते. पंगत वगैरे नव्हती. हल्लीच्या पद्धतीप्रमाणे ताट हातात घेऊन रांगेत उभे राहायचे! माझ्या पुढे माझी भाची होती, धाकट्या बहिणीची मुलगी. वय ३८, नोकरी करते, एका मुलाची आई आहे. तिने मसालेभात घेतला, अळूची भाजी घेतली आणि जिलबीकडे हात नेला. तेवढ्यात मागून एक प्रेमळ आवाज आला, "अगं, जिलबी? आत्ता कुठे जरा बारीक दिसायला लागली होतीस! तुझ्याच भल्यासाठी सांगते हो."

आजूबाजूचे चार जण हसले. भाचीही हसली. तिने जिलबी घेतली नाही आणि दोन पावले पुढे जाऊन सगळे ताटच एका टेबलावर ठेवून दिले. कुणाच्या लक्षातही आले नाही. परत येताना रिक्षात ती मला म्हणाली, "मावशी, आज मी घरी एकटी गेले तर काय करेन ते मला माहीत आहे."

मलाही माहीत होते. म्हणून मी तिला माझ्याकडे घेऊन आले. कुकर लावला. वरण, भात, तूप, लिंबाची फोड आणि भाजलेला पापड. दोघी जेवलो. जेवण झाल्यावर तिला जाऊ दिले नाही, पावट्याच्या शेंगा सोलायला बसवले. तासभर आम्ही शेंगा सोलल्या आणि मुंजीतल्या लोकांची यथेच्छ निंदा केली. तो एक तास निघाला की तिचा दिवस निघतो, हे मी अलीकडे शिकले आहे.

(हे सगळे मी तिच्या परवानगीने लिहीत आहे. तिने लेख वाचला आणि दोन ठिकाणी माझे शब्द खोडले. मास्तरणीचे लेखन कुणी तपासावे हेही नशिबात होते म्हणायचे!)

आता आजाराबद्दल. माझी भाची सतराव्या वर्षापासून आजारी होती आणि आम्हाला कळले ती बत्तीस वर्षांची झाल्यावर. तेही दातांच्या डॉक्टरमुळे. वरच्या पुढच्या दातांवरचे कवच आतल्या बाजूने झिजले होते. त्या बाईंनी तिला एकटीला आत बसवून हळूच विचारले, "तुम्हाला वरचेवर उलट्या होतात का?" पंधरा वर्षे आई, मावशी, मामी, नवरा यांपैकी कुणी न विचारलेला प्रश्न दातांच्या डॉक्टरने विचारला. पोटातले आम्ल दात खाते हे त्यांना ठाऊक होते. आम्हाला काय ठाऊक होते? तर पोरीला गोड फार आवडते आणि मग ती 'डाएट' करते, एवढेच.

या आजाराला बुलिमिया म्हणतात. आधी स्वतःला उपाशी ठेवायचे. मग केव्हातरी बांध फुटतो आणि थोड्या वेळात हाताला लागेल ते खाल्ले जाते. मग भीती आणि लाज वाटते आणि खाल्लेले कसेही करून शरीराबाहेर काढायची धडपड सुरू होते. दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून पुन्हा उपास. लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी १९७९ साली या आजाराचे सविस्तर वर्णन करून त्याला नाव दिले. अन्न तोडून स्वतःला वाळवत नेण्याचा ॲनोरेक्सिया हा आजार डॉक्टरांना त्याच्याही शंभर वर्षे आधीपासून माहीत होता. उलट्या नाहीत, पण खाण्याचे असे झटके येतात आणि थांबता येत नाही, तो बिंज ईटिंगचा आजार. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत त्याला स्वतंत्र जागा मिळाली ती २०१३ साली. हे आजार मुलींनाच होतात असेही नाही, मुलग्यांनाही होतात. ते बोलत नाहीत एवढेच.

आपल्याकडे याला नाव नव्हते असे मात्र नाही. नाव होते, पण चुकीचे होते. आपण त्याला 'हावरटपणा' म्हणत होतो, आणि उलट बाजू दिसली तर 'नखरे'. माझी बहीण पहिल्यांदा ऐकल्यावर म्हणाली होती, "भरल्या घरात खाण्याचा कसला आजार? आमच्या लहानपणी मिळत नव्हतं म्हणून खात नव्हतो." तिचा दोष नाही. आजारी माणूस म्हणजे हाडांचा सापळा, असेच चित्र आपल्या डोळ्यांसमोर असते. बुलिमिया झालेल्याचे वजन पुष्कळदा चारचौघांसारखेच असते, कधी जास्तही असते. आत मात्र शरीरातले पोटॅशियम उतरलेले असते आणि त्यामुळे हृदयाचे ठोके बिघडून जिवावर बेतू शकते. बाहेरून बघणारा म्हणतो, "तब्येत छान आहे की!"

तर आता मुख्य भांडण.

उपचार सुरू झाल्यावर दोनेक वर्षांत भाची बरीच सावरली. झटके कमी झाले. वजन मात्र वाढले. तीन वर्षांपूर्वी रक्त तपासले तर साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर. घरात मधुमेह आहेच, आमच्या आईला होता, मला आहे. ज्या डॉक्टरांना ती दाखवायला गेली त्यांनी अहवाल पाहिला, तिला काट्यावर उभे केले आणि सांगितले, तीन महिन्यांत इतके किलो कमी करा. एक छापील तक्ता दिला. सकाळी हे नाही, रात्री ते नाही, साखर, भात, बटाटा बंद. "पूर्वी खाण्याचा काही त्रास होता का?" एवढे एक वाक्य त्यांनी विचारले नाही, आणि तिला लाजेने सांगता आले नाही.

एकोणीस दिवस तिने तो तक्ता अक्षरशः पाळला. सगळ्यांनी कौतुक केले. मीही केले! विसाव्या दिवशी बांध फुटला आणि दोन वर्षांची मेहनत आठ दिवसांत वाहून गेली. मग जो तो म्हणायला लागला, "हिच्यात मनोनिग्रहच नाही."

माझे म्हणणे नेमके इथे आहे. हे मनोनिग्रह नसल्यामुळे झालेच नाही. ज्याला खाण्याचा आजार आहे किंवा होता, त्याला उपासमारीचा तक्ता देणे म्हणजे पाय मोडलेल्याला प्लॅस्टर काढून शर्यतीत उतरवण्यासारखे आहे. पडला की म्हणायचे, याला पळायची इच्छाच नव्हती.

आणि हे मी भावनेच्या भरात सांगत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ साली, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. युद्धात शस्त्र हाती घ्यायला नकार देणारे ३६ धडधाकट तरुण त्यासाठी आपणहून पुढे आले. शरीराने आणि मनाने निरोगी आहेत ना, हे पारखूनच त्यांना निवडले होते. २४ आठवडे त्यांना निमउपाशी ठेवले. दिवसाला सुमारे १६०० उष्मांकांचे जेवण म्हणजे बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी, आणि भरपूर चालणे. त्यांचे जवळजवळ पाव वजन घटले. पण खरी गंमत (गंमत कसली, दैनाच) पुढे आहे. या माणसांना खाण्यावाचून दुसरे काही सुचेना. पाकक्रियांची पुस्तके जमवू लागले, ताटे चाटू लागले, एकेक घास तासभर चघळू लागले. चिडचिडे झाले, माणसांतून उठले. काहींचा मध्येच तोल सुटून त्यांनी चोरून खाल्ले आणि मग स्वतःचाच तिरस्कार केला. प्रयोग संपल्यावर खायला मिळाले तेव्हा काही जण पोट तडस लागेपर्यंत खात आणि तरी भूक राहिली म्हणत. घटलेले वजन भरून येताना कित्येकांच्या अंगावर पूर्वीपेक्षा जास्त चरबी चढली. १९५० साली कीज यांनी हे सगळे दोन जाडजूड खंडांत प्रसिद्ध केले.

लक्षात घ्या, हे पुरुष होते, तरुण होते, निरोगी होते आणि आरशासमोर रडणारे नव्हते. पोटाने उपाशी राहिल्यावर डोक्याचे काय होते ते त्यांनी दाखवले. आता १६०० उष्मांकांचा तो आकडा पुन्हा वाचा आणि आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवर फिरणारे 'तीस दिवसांत आठ किलो'चे तक्ते काढून बघा. ज्याला शास्त्रज्ञ उपासमार म्हणाला त्याहून कमी खायला सांगून आपण त्याखाली हात जोडलेले चित्र टाकतो.

खरे तर कीज साहेबांच्या कितीतरी आधी आपल्या आज्यांनी हे चार शब्दांत सांगून ठेवले होते, 'एकादशी आणि दुप्पट खाशी'. आपण ती म्हण साबुदाण्याच्या खिचडीवर विनोद म्हणून वापरतो. भाचीच्या समुपदेशक बाईंना मी ती ऐकवली तेव्हा त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आजी, अगदी हेच आहे. दुप्पट खाशीवर इलाज करायचा तर एकादशी सोडावी लागते."

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी खाणे सुरळीत व्हायला हवे, वजनाचा विचार त्यानंतर. उलट क्रमाने जाल तर दोन्ही हातचे जाईल. ऑक्सफर्डचे क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी या आजारांवर जी उपचारपद्धती बसवली तिची पहिली मोठी पायरी वजन घटवण्याची नाही. पायरी अशी की दिवसातून तीन वेळा जेवण-नाश्ता आणि मध्ये दोन वेळा थोडे खाणे, ठरल्या वेळी. भूक असो नसो, आदल्या रात्री काहीही घडलेले असो. दोन खाण्यांत साधारण चार तासांहून जास्त अंतर पडू द्यायचे नाही. वजन आठवड्यातून एकदाच बघायचे, रोज काट्यावर चढायचे नाही आणि कायमचे तोंडही फिरवायचे नाही. ऐकायला किती साधे आहे! करून बघा. आदल्या रात्री चोरून डबाभर लाडू खाल्लेल्या माणसाला सकाळी आठ वाजता शांतपणे पोह्यांची बशी घेऊन बसायला किती धैर्य लागते ते मी पाहिले आहे.

यावर आमच्या घरातून लगेच प्रश्न येणार, "मग मधुमेहाचं काय? वजन वाढू द्यायचं का?" प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. 'वजन म्हणजे काहीच नाही, जसे आहात तसे सुंदर आहात' असे म्हणून हात झटकणाऱ्यांतली मी नाही. रोज सकाळी मधुमेहाची गोळी घेणाऱ्या बाईला ते परवडणारही नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीयांच्या मधुमेहावर आयुष्यभर काम केले आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी युडकिन यांनी शेजारी शेजारी उभे राहून काढलेला आपला एक फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंची-वजनाचे गुणोत्तर, अगदी एकच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! काट्यावर सारखी दिसणारी दोन माणसे आतून किती वेगळी असतात याचा एवढा छान पुरावा नाही. भारतीयांना कमी वजनातही मधुमेह गाठतो हे त्यातून कळते, आणि नुसत्या काट्यावरून तब्येत कळत नाही हेही कळते. आपण पहिले तेवढे उचलले. (आणखी एक गंमत. या गुणोत्तराला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव १९७२ साली दिले ते त्याच अँसेल कीज यांनी. माणसाला उपाशी ठेवल्यावर काय होते ते लोक विसरले, बीएमआय तेवढा लक्षात ठेवला.)

आणि साखर उतरवायला वजनाचा आकडा धडाधड पाडावाच लागतो का? २००६ साली चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या पथकाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांनी आहार सुधारला आणि नियमित चालणे ठेवले त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाले, आणि त्यांचे वजन म्हणावे असे घटलेही नव्हते. वजन घटल्याने अधिक फायदा होतो हे अमेरिकेतल्या अभ्यासात दिसले आहे, ते मी नाकारत नाही. पण 'आधी दहा किलो, मग बोला' हा हट्ट कशासाठी?

आता तिने पुढे काय केले ते सांगते, कारण टीका करून मोकळे होणाऱ्यांचा मलाही कंटाळा येतो.

ती पुन्हा तिच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे गेली. त्यांनी, समुपदेशक बाईंनी आणि खाण्याच्या आजारांची माहिती असलेल्या एका आहारतज्ज्ञ मुलीने एकत्र बसून ठरवले. पहिले दीड वर्ष वजन हा शब्दच नाही. नुसती वेळ पाळायची. सकाळी नाश्ता, दुपारी डबा, चार वाजता काहीतरी, रात्रीचे जेवण, लागले तर झोपण्यापूर्वी कपभर दूध. वहीत उष्मांक लिहायचे नाहीत, वेळ लिहायची आणि त्या वेळी मनात काय चालले होते ते लिहायचे. संकष्टी आणि नवरात्राचे उपास बंद. यावर आमच्याकडे थोडी कुरकुर झाली. मी म्हटले, आजारी माणसाला उपास नसतो हे आपल्या आजीनेच सांगितले आहे. देवाला कळते, तुम्हाला का कळत नाही?

खाणे सुरळीत झाल्यावर, झटके जवळजवळ थांबल्यावर, मग तब्येतीकडे वळले. तिथेही काढून घेण्यापेक्षा भर घालण्याकडे लक्ष. नाश्त्याला मुगाचे धिरडे किंवा अंडे, डब्यात उसळ, जेवणात कोशिंबीर आणि ताक. भात बंद नाही, बटाटा बंद नाही, गोडही बंद नाही. 'बंद' हा शब्दच बंद. कारण जे बंद होते तेच रात्री दोन वाजता हाक मारते. रात्री जेवणानंतर मुलाला घेऊन वीस-पंचवीस मिनिटे फिरायला जाते. पण जिलबी खाल्ली म्हणून जास्त चालायचे नाही. चालणे ही शिक्षा झाली की ते चालणेही आजारातच जमा. झोपेची वेळ ठरलेली. घरातला काटा तिने मला देऊन टाकला. तो माझ्या माळ्यावर रद्दी मोजायला आहे. तिचे वजन समुपदेशक बाईंकडे होते आणि तिथेच राहते.

एक नियम मला सगळ्यात आवडला. जेवण टाळले गेले किंवा पुन्हा उलटी झाली, तर त्या दिवसापासून वजन कमी करण्याचा विषय कपाटात. खाणे पुन्हा मार्गी लागेपर्यंत तो बाहेर काढायचा नाही. असे दोनदा झाले. दोन्ही वेळा तिने स्वतः फोन करून सांगितले.

दीड वर्षात वजन हळूहळू उतरले. किती ते लिहिणार नाही, कारण हे वाचणाऱ्यांत कुणी तिच्यासारखी असेल तर ती तो आकडा स्वतःशी ताडून बघेल. त्या डॉक्टरांनी तीन महिन्यांत सांगितले होते त्याच्या निम्मेही नाही, एवढे सांगते. पण साखर उंबरठ्याच्या अलीकडे आली आहे, दात आणखी झिजलेले नाहीत, आणि गेल्या दिवाळीत तिने माझ्यासमोर बसून दोन चकल्या खाल्ल्या आणि तिसरी डब्यात परत ठेवली. तुम्हाला यात काय विशेष असे वाटेल. मी मात्र उठून स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आले.

कुणी म्हणेल, एवढा द्राविडी प्राणायाम कशाला, आता इंजेक्शने आली आहेत. २०२५ पासून वजनासाठीची नवी इंजेक्शने भारतात मिळू लागली हे खरे आणि ज्यांना ती डॉक्टरांनी विचारपूर्वक दिली त्यांना उपयोग होतही असेल. पण ती भूक मारतात. ज्या बाईने वीस वर्षे स्वतःची भूक मारण्यात घालवली, तिच्या हातात ते देण्याआधी तिच्या मानसोपचारतज्ज्ञांना विचारायला नको? ग्रुपवर 'अमक्याने घेतले, छान उतरला' म्हणून टाकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता माझे स्वतःचे पाप. ते सांगितल्याशिवाय दुसऱ्यांना बोलायचा मला अधिकार नाही.

मी एकतीस वर्षे शाळेत शिकवले. दरवर्षी प्रगतिपुस्तकात उंची आणि वजन भरायचे असे. मी वर्गातच काटा मांडत असे, मुले रांगेने येत, मी आकडा मोठ्याने वाचत असे आणि हुशार अक्षराचा एखादा मुलगा तो लिहून घेत असे. एका वर्षी सातवीतल्या एका मुलीने काट्यावर चढण्यापूर्वी आधी चपला काढल्या, मग केसांतल्या पिना काढल्या, मग कानातले काढून मुठीत धरले. मग तिच्या लक्षात आले की मूठ आपल्याच हाताला आहे, म्हणून तिने ते शेजारणीकडे दिले. सगळा वर्ग हसला. मीही हसले आणि आकडा नेहमीसारखा मोठ्याने वाचला. ती मुलगी आज कुठे आहे मला माहीत नाही. बारा वर्षांचे पोर कानातल्यांचे वजन का मोजते, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. मला तो पडला भाचीचे कळल्यावर, निवृत्तीनंतर कितीतरी वर्षांनी.

आमच्या तरुणपणी रेल्वे स्टेशनवर वजनाची यंत्रे असत. नाणे टाकले की खट्कन पुठ्ठ्याचे तिकीट बाहेर पडे. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य! 'तुमचा स्वभाव दयाळू आहे' वगैरे. आपण भविष्य वाचून हसत असू आणि वजन खरे मानत असू. माणसाबद्दल त्या तिकिटाच्या दोन्ही बाजूंना सारखेच कमी कळत होते.

तर नातेवाईक मंडळींना माझे स्पष्ट सांगणे आहे. विनंती म्हणा, हुकूम म्हणा. कुणालाही "बारीक झालीस" म्हणू नका आणि "जाड झालीस" तर नकोच नको. "बारीक झालीस" ही स्तुती आहे असे तुम्हाला वाटते. आजारी माणसाला ती ऐकू येते अशी, की 'आजार चालू ठेव, छान काम करतो आहे.' भाचीला आयुष्यात सगळ्यात जास्त कौतुक मिळाले ते ती सगळ्यात जास्त आजारी असताना. दुसऱ्याच्या ताटात बघू नका. आग्रहही नको आणि टोकणेही नको. मुलांसमोर स्वतःच्या पोटाच्या वळ्या धरून हळहळू नका, पोरे ऐकत असतात. बोलायला दुसरे काहीच सुचत नसेल तर हवापाण्यावर बोला.

आणि तुमच्या घरात कुणी जेवण झाले की लगेच उठून मोरीत जाऊन नळ सोडून बसत असेल, चारचौघांत खायचे टाळत असेल, रात्री डबे रिकामे होत असतील, तर रागावू नका, डबे मोजू नका. एकांतात विचारा आणि डॉक्टरांकडे न्या. आपल्या डॉक्टरांना हे आपणहून सांगा, कारण ते विचारतीलच असे नाही. कुठे जावे कळत नसेल तर सरकारची टेलि-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा आहे, क्रमांक १४४१६, मराठीतही बोलतात.

मुंजीतल्या त्या प्रेमळ आवाजाचे नाव मी लिहिणार नाही. पण पुढच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे जाणार आहे आणि हा लेख त्यांना वाचून दाखवणार आहे. त्या वाईट नाहीत. त्यांनीही आयुष्यभर दुसऱ्यांची हीच वाक्ये ऐकली आहेत, लग्नाआधीही आणि बाळंतपणानंतरही. भाचीही बरोबर येते म्हणाली आहे. जाताना अर्धा किलो जिलबी घेऊन जाऊ. ती खाईल की नाही, हे तिचे तीच ठरवील.